बाईंनी सोडलेली जागा

माझ्या आत्यानं, केसरबाईनं, हैदराबादेतल्या तीन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली. तारनाक्यापासून हिमायतनगरपर्यंत कुठल्याही म्हाताऱ्या मराठी माणसाला विचारा, तो म्हणेल, "बाई? आमच्या बाई? हौ, देवमाणूस!" एकदा देवमाणूस म्हटलं की पुढचं काही विचारायचं कारण उरत नाही. म्हणून मी सांगते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजोबा, किशनराव, मूळचे परभणीकडचे. महारवाड्यातलं घर सोडून पोट भरायला निघाले आणि लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपात लागले. आधी हमाली, मग फिटरच्या हाताखाली, शेवटी स्वतः फिटर. त्यांना सही येत नसे आणि त्याची त्यांना फार लाज. पगाराच्या दिवशी अंगठा उठवून घरी आले की आधी मोरीत बसून साबणानं बोट घासायचे, मग चहा. मुलगी झाली तर तिला शिकवायचं हे त्यांनी लग्नाच्या वेळीच आजीला सांगून टाकलं होतं म्हणे.

आत्या शिकली, लग्नाच्या फंदात पडली नाही, ट्रेनिंग झालं आणि विशीतच कोठी भागातल्या एका मागच्या गल्लीतल्या मराठी प्राथमिक शाळेत लागली. अंगणात भली थोरली चिंच होती, म्हणून आसपासचे लोक त्या शाळेला 'इमलीवाला मदरसा' म्हणायचे. निजामाच्या राज्यात सगळा कारभार उर्दूत. मराठी शाळा म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि शहरातल्या चार मराठी पुढाऱ्यांची कमिटी. नवी बाई कोणत्या जातीची हे कळल्यावर दोन घरांनी मुली काढून घेतल्या. त्यातल्या एका घरानं वर्षाच्या आत परत आणून बसवल्या, कारण शेजारची पोर घडाघडा वाचायला लागली होती आणि यांच्या अजून पाटी चाटत बसल्या होत्या.

आत्या 'अ' पासून सुरुवात करत नसे. पोराच्या नावाचं पहिलं अक्षर आधी. "पोराला आधी स्वतःचं नाव दिसू दे, मग जग दिसेल," म्हणायची. हिशेब चिंचोक्यांवर. शनिवारी शाळा सुटायच्या आधी मुलींना ओळीनं बसवून डोक्यातल्या उवा काढायची, आणि तेवढ्यात पाढे म्हणून घ्यायची. पाढा चुकला की कंगवा थांबायचा. तिनं हात उगारलेला कुणी पाहिला नाही.

कमिटीचे सेक्रेटरी होते एकनाथराव वकील. हिमायतनगरला बंगला, नांदेडकडं शेती, गोरेपान, बोलायला गोड. त्यांचा भाऊ आणि भावजय दोघंही लवकर गेली, त्यामुळं पुतणी तारामती त्यांच्याकडंच वाढली. ही तारा डावखुरी. अशुभ म्हणून घरात तिच्या डाव्या हाताला फडकं बांधायचे. उजव्या हातानं अक्षर वळेना, आणि मार खाऊन खाऊन मुलगी बोलेनाशी झाली. शाळेत आली तेव्हा ती मुकी आहे असंच सगळ्यांना वाटलं. आत्यानं पहिल्याच दिवशी ते फडकं सोडलं आणि खुंटीला टांगलं. घरी येऊन स्वतः डाव्या हातात पेन्सिल धरून संध्याकाळभर पाटीवर गिरवत बसली. कुठली रेघ कुठून ओढली म्हणजे डाव्या हाताला अक्षर सोपं जातं, ते तिला बघायचं होतं. आजोबा हसायचे, "मास्तरीण झाली अन् पुन्हा बिगरीत बसली!" दिवाळीपर्यंत तारा लिहायला लागली. होळीपर्यंत इतकी बोलायला लागली की तिला गप्प बसवावं लागे.

पुढं पोलीस ॲक्शनच्या आधीचं ते वाईट वर्ष आलं. एकनाथराव सत्याग्रहात तुरुंगात गेले. शाळेतले दोघे मास्तर गावाकडं पळाले. शहरात रोज नवी अफवा. आत्यानं शाळा एक दिवस बंद ठेवली नाही. मुशिराबादचा एक टांगेवाला तिला न्यायचा-आणायचा. त्याची मुलगी टांग्यातूनच यायची आणि चिंचेखाली बसायची, तिलाही आत्या शिकवायची. ताराला तर आत्या त्या काळात आमच्याच घरी अभ्यासाला आणायची. तुरुंगातून सुटून आल्यावर एकनाथरावांनी सगळ्या पालकांसमोर हात जोडले. म्हणाले, "केसरबाई, ही शाळा आमच्या कमिटीची नाही. तुमची आहे."

त्या वाक्यावर आत्यानं विश्वास ठेवला.

मग आलं छप्पन्न साल. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले. तेलुगू जिल्हे आंध्रात, कानडी म्हैसूरला आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात. शाळेचे शिक्षक एव्हाना सरकारी पगारावर आले होते. नोकरदारांनी कुठल्या राज्यात जायचं ते लिहून द्यायचं होतं. माझे वडील, देवराव, महसूल खात्यात कारकून. त्यांनी डोळे मिटून मुंबई राज्य लिहिलं; त्यांना औरंगाबाद मिळणार होतं. आत्याचं तर त्याहून मोठं होतं. औरंगाबादेत मुलींची नवी सरकारी शाळा निघत होती. शिक्षण खात्यातल्या साहेबांनी तिला बोलावून तोंडी सांगितलं, "मुख्याध्यापिकेची जागा तुमच्यासाठी धरून ठेवलीय. तुम्ही फक्त मुंबई राज्य लिहून द्या."

आजोबांनी ही बातमी अख्ख्या वर्कशॉपला सांगितली. तेलुगू मिस्त्र्यांना, मुसलमान लोहारांना, अँग्लो-इंडियन फोरमनलासुद्धा. 'हेडमास्तरीण' हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू तोंडात खडीसाखर आहे.

त्याच दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं, माणसांचा समुद्र. मी बारा वर्षांची होते. आजोबांनी दीक्षा घेतली, आत्यानं घेतली, आम्ही सगळ्यांनी घेतली. परतीच्या गाडीत आजोबा खिडकीशी बसून म्हणाले, "केसर, आता फक्त तुझी ती खुर्ची बघायची राहिली."

आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत एकनाथराव आमच्या घरी आले.

इतक्या वर्षांत ते कधी आले नव्हते. रेल्वेच्या क्वार्टरांच्या आमच्या गल्लीत मोटार शिरली तेव्हा बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आजोबांची नुसती धांदल. त्यांनी खुर्ची पुसली, पुन्हा पुसली. आईनं चहा केला, पण बाहेर आणायचं तिला धाडस होईना. ते बघून एकनाथराव मोठ्यानं हसले.

"आणा वहिनी, आणा. आता तर तुम्ही बौद्ध. आता कसली आलीय शिवाशिव?"

आत्यानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग तीही हसली. मी तिच्याजवळ होते म्हणून सांगते, ते हसणं जरा उशिरा आलं.

त्यांनी चहा घेतला, सगळा घेतला आणि कप खाली ठेवून विषयाला हात घातला.

"बाई, तुम्ही औरंगाबादला गेलात तर शाळा संपली म्हणून समजा. आंध्र सरकार मराठी शाळा कशाला चालवील? मुख्य बाईच नाहीत म्हटल्यावर उद्या टाळं लागेल."

"तुम्ही आहात की, वकीलसाहेब," आत्या म्हणाली.

"मी आहेच. मी कुठं जातोय? या शहरात शेवटचा मराठी माणूस उरला तर तो मी असेन. पण मी काय वर्गात उभा राहणार आहे? तिकडं औरंगाबादला शंभर बायका मिळतील. इथं तुमच्याशिवाय कोण आहे?"

पुढच्या रविवारी त्यांनी चिंचेखाली पालकांची सभा घेतली. सगळे आले होते: हिमायतनगरचे डॉक्टर, कोठीचे दुकानदार, युनिव्हर्सिटीतले दोन प्राध्यापक. "बाई राहिल्या तर आमची मुलं याच शाळेत शिकतील," असं म्हणून प्रत्येकानं हात वर केला. बायकांनी आत्याची ओटी भरली. तिला त्या आधी कुणी कधी हळदीकुंकवालाही बोलावलं नव्हतं.

दोन दिवस आत्या जेवली नाही धड. मग तिनं कार्यालयात जाऊन लिहून दिलं, मी आंध्रातच राहते.

आजोबा तिच्याशी भांडले. "अगं, पोरी, जन्मभर मी कशासाठी..." म्हणायचे आणि वाक्य सोडून द्यायचे. पण एकनाथरावांविरुद्ध त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. उलट, वकीलसाहेबांनी ज्या कपातून चहा घेतला तो कप त्यांनी धुऊन, पुसून फळीवर सगळ्यात वर ठेवला आणि घरात बजावून सांगितलं, याला कुणी हात लावायचा नाही.

डिसेंबरात बाबासाहेब गेल्याची बातमी आली. घरात चूल पेटली नाही. आजोबा त्या आठवड्यात एकदम वाकले.

संक्रांत उलटून गेल्यावर एके दिवशी दुपारी तारा आली. बी.ए. झालेली, ट्रेनिंग घेतलेली, केसांत अबोली, हातात पेढ्यांचा पुडा. आली ती सरळ वाकून आत्याच्या पाया पडली.

"बाई, पहिला पेढा तुम्हाला. तुमच्यामुळंच झालं सगळं."

"अगं पण काय झालं?"

"औरंगाबादची मुख्याध्यापिकेची जागा! मला मिळाली. ऑर्डर आली काल."

आत्याचा हात पुड्यावर होता, तो तिथंच राहिला. तारा आपल्याच आनंदात बोलत होती.

"मी काकांना म्हटलं, ती जागा तर बाईंची. तर काका म्हणाले, बाईंनी स्वतः नको म्हटलं. त्यांचा जीव इथल्या शाळेत आहे. आणि त्यांनीच तुझं नाव सुचवलं. बाई, तुम्ही माझं नाव सुचवलंत? मी तर अजून कालची पोर!"

खोलीत आई होती, मी होते. आई काहीतरी बोलणार होती. आत्यानं तिच्याकडं न बघताच हातानं थांबवलं.

"साहेबांशी कधी बोलले गं काका?" आत्यानं विचारलं.

"ते? खूप आधीच. दसऱ्याच्याही आधी. म्हणाले, बाईंचा नकार आला की लगेच तुझं नाव पुढं करतो, आत्ताच शब्द घेऊन ठेवलाय."

दसऱ्याच्या आधी. म्हणजे आमच्याकडं चहा प्यायला आले त्याच्याही आधी.

आत्यानं पेढा उचलला, अर्धा तोडून ताराच्या तोंडात घातला, अर्धा स्वतःच्या. "चांगली शिकव," म्हणाली. "पोरींना मारू नको." तारा रडली, पुन्हा पाया पडली आणि गेली. ती गेल्यावर आई म्हणाली, "अहो वन्सं, तिला सांगायचं होतं की!" आत्या म्हणाली, "तिचा काय दोष? लेकराला नोकरी लागलीय." आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ चूळ भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मला घेऊन हिमायतनगरला गेली. बंगल्याच्या व्हरांड्यात ट्रंका, वळकट्या, कपाटांना गुंडाळलेली गोणपाटं. कुणी सांगायची गरजच नव्हती. एकनाथराव आतून आले, आत्याला बघून क्षणभर थबकले, मग नेहमीसारखे हसले.

"या, या बाई. बसा."

"तुम्ही निघालात?" आत्या बसली नाही.

"अहो, अचानक ठरलं. तिकडं नवं राज्य, नवी कोर्टं उभी राहतायत. आपली माणसं लागणार. पण शाळेची काळजी नाही. शाळेला तुम्ही आहात."

"तारा काल पेढे घेऊन आली होती."

ते खुर्चीवर बसले आणि एकदम वेगळ्या, हळू आवाजात बोलायला लागले. "बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो नाही. शाळेला तुमची गरज आहे हे खरंच आहे. आणि ताराला आई-बाप नाहीत, तिचं बघणं माझं कर्तव्य. दोन्ही गोष्टी जमत होत्या, म्हणून केल्या. यात वाईट काय झालं?"

"मला विचारायचं होतं. मी ताराला नाही म्हटलं असतं का?"

"विचारलं असतं, पण..." ते अडखळले. "खरं सांगू? रागावू नका. तिथं देशमुखांच्या, ब्राह्मणांच्या मुली येणार. गावगाडा आहे तो, हे शहर नाही. तुमचं नाव पाटीवर बघून लोकांनी मुली काढून घेतल्या असत्या. तुमचा केवढा अपमान झाला असता. त्यातून मी तुम्हाला वाचवलं, असं समजा."

आत्याच्या हाताची पकड माझ्या मनगटावर घट्ट झाली होती, मला दुखत होतं.

"दुसऱ्यांनी केला असता तो अपमान तुम्ही वाचवलात," ती म्हणाली, "आणि स्वतः केलात. त्यांनी मुली काढल्या असत्या तर वर्षभरात परत आणल्या असत्या, वकीलसाहेब. मी ते एकदा केलंय."

त्यांनी समोरच्या वळकटीचा पट्टा ओढून पुन्हा बांधला.

"आमच्याकडं चहा कशाला प्यालात? नुसतं येऊन सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. माझ्या बापानं तो कप फळीवर ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाहीत."

एकनाथराव उठून आत गेले. आम्ही व्हरांड्यात उभ्याच. नोकर येऊन म्हणाला, "साहब आराम कर रहे."

घरी आल्यावर आत्यानं फळीवरचा तो कप काढला, त्यात मला चहा ओतून दिला आणि म्हणाली, "पी. कप आहे, प्यायचा असतो." आजोबा ओरडले. तिनं ऐकून घेतलं.

ती कार्यालयातही जाऊन आली. लिहून दिलेलं परत घेता येईल का, म्हणून. तिथल्या कारकुनानं मान हलवली. "तारीख निकल गई, बाई. अब कुच नै होता."

आजोबा निवृत्त झाले आणि मार्चमध्ये आमचं बिऱ्हाड औरंगाबादला निघालं. आत्या एकटी कशी राहणार म्हणून मला तिच्याजवळ ठेवायचं ठरलं. काचीगुडा स्टेशनवर आजोबा आत्याशी बोलले नाहीत. त्यांना आम्ही खरं सांगितलंच नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की पोरीनं शाळेपायी त्यांचं स्वप्न मोडलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिले. तीन वर्षांनी तिकडंच वारले. आत्या पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, "आजोबांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी नुकतेच सगळे देव सोडले होते," ती म्हणाली. "एका माणसाला मानत होते. तोही काढून घेऊ?"

चिंचेखाली हात वर करणाऱ्यांचं काय झालं तेही सांगते. डॉक्टरांची मुलं पुढच्याच जूनमध्ये इंग्रजी शाळेत गेली. एक प्राध्यापक पुण्याला गेले, दुसऱ्यांनी मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. रस्त्यात आत्या दिसली की म्हणायचे, "बाई, तुम्ही आहात म्हणून मराठी टिकून आहे!" आणि मुलाला म्हणायचे, "से नमस्ते." शाळेत उरली ती रेल्वेतल्या माणसांची, झाडूवाल्यांची, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायकांची मुलं. सरकारनं तेलुगूचे वर्ग जोडले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आत्या तेलुगू शिकली, पहिलीच्या पुस्तकापासून. भाजीवाली यादम्मा तिची चूक काढायची आणि दोघी रस्त्यात हसत बसायच्या. परीक्षाही पास झाली. दोन्ही वर्ग तीच घ्यायची. मुलं तिला तेलुगूतही 'बाई'च म्हणायची.

ती दुःखी होती असं मी म्हणणार नाही. वर्गात ती कधीच दुःखी नसे. पण मोठ्या माणसांपैकी कुणी तिची स्तुती करायला लागलं की ती उठून कामाला लागायची. पुढं कुणाच्या शब्दावर तिनं काही केलं नाही. माझं लग्न ठरलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, "बाई, मी शब्द देतो, पोरगी सुखात राहील," म्हटलं. आत्या म्हणाली, "शब्द नको. पोरीला नोकरी करू द्याल का, ते बोला." म्हणून मी पोस्टात लागले.

अडुसष्ट सालच्या जूनमध्ये ती शाळेत गेली, तर मराठी वर्गाच्या खोलीत बाकं रचून ठेवलेली. विद्यार्थ्यांअभावी मराठी वर्ग बंद, असं कमिटीनं उन्हाळ्याच्या सुट्टीतच सरकारला कळवून टाकलं होतं. आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. दारात नवी सहा-सात पोरं डोक्याला तेल थापून उभी होती. ती त्यांना घेऊन पडवीत बसली. निवृत्त झाल्यावर माझ्याकडं राहायला आली आणि तारनाक्याजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर मुलांना घेऊन बसायला लागली. शेवटी शेवटी मराठी शिकायला कुणी येत नसे. तेलुगू आणि हिंदीच्या पोरांचे पाढे घ्यायची. डोळे गेल्यावरही घ्यायची.

ती गेल्यावर मराठी मंडळानं कोठीजवळच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. फोटो मोठा केला होता, हार जाडजूड. सूत्रसंचालन करणारा तरुण इंग्रजी अक्षरांत लिहून आणलेलं मराठी वाचत होता आणि 'ज्ञानदान'वर दोनदा अडखळला. मग तारामतीबाई उठल्या. औरंगाबादेत मुख्याध्यापिका म्हणून आयुष्य काढलेल्या, आता सत्तरीपार, रुपेरी केस, हातात काठी. मुद्दाम गाडी करून आल्या होत्या.

फार सुंदर बोलल्या. फडक्याची गोष्ट सांगितली, डाव्या हाताची सांगितली. लोकांनी डोळे पुसले. आणि मग म्हणाल्या, "औरंगाबादची खुर्ची बाईंची होती. बाईंनी ती माझ्यासाठी सोडली. एवढा त्याग मी आयुष्यात पाहिला नाही."

टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या.

मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी काही ठरवून गेले नव्हते. मी माईक धरला आणि म्हणाले, "आत्यानं ती जागा सोडली नाही. ती तिच्याकडून काढून घेतली. एकनाथराव वकिलांनी तिला शाळेची शपथ घालून थांबवलं, आणि जागा घरात ठेवली. तिनं ज्यांच्यासाठी शाळा धरून ठेवली, त्यांच्या घरांतले बरेचजण इथं बसलेत. तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात ते तुम्हाला माहीत आहे. एवढंच." आणि मी खाली बसले.

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली.

बाहेर चहाच्या टेबलापाशी तारामतीबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, त्या हादरल्या असतील. सत्तरीतल्या बाईला हे असं सगळ्यांसमोर कळावं, याचं मला वाईट वाटायला लागलं होतं. त्यांनी माझा हात धरला.

"गंगू, मला माहीत होतं गं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. रुजू झाले त्याच वर्षी. खात्यातल्या साहेबांनीच सांगितलं. म्हणाले, तुझ्या काकांनी फार हुशारीनं केलं."

"मग आत्याला कधी..."

"कसं सांगणार? त्यांना वाटायचं, मला माहीत नाही. मी दिवाळीला पाया पडायला यायचे, तेव्हा त्या मला किती जपून बोलायच्या. मी तसंच वाटू दिलं. आणि सांगून काय करायचं होतं? नोकरी सोडायची होती का मी?"

म्हणजे पन्नास वर्षं आत्या जिला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिली, बापाचा राग पोटात घेऊन गप्प राहिली, त्या बाईला पहिल्या वर्षापासून सगळं ठाऊक होतं. आणि ती दर सभेत, दर निरोप समारंभात त्यागाची गोष्ट सांगत आली होती.

"मी आमच्या शाळेत बाईंच्या नावानं पारितोषिक ठेवतेय," त्या म्हणाल्या. "पहिली येणाऱ्या मुलीला. तुझी संमती हवी. मजकूर तयार आहे, 'त्यागमूर्ती केसरबाई'..."

"ठेवा," मी म्हणाले. "पण त्यागमूर्ती काढा. लिहा, या शाळेची पहिली मुख्याध्यापिका ही व्हायची होती."

त्यांनी माझा हात सोडला. "तसं कसं लिहिता येईल गं? काकांचं नाव आहे शाळेच्या सभागृहाला."

ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडलं. त्या काठी सावरत आत बसल्या, काच खाली करून म्हणाल्या, "विचार कर." मी मान हलवली नाही. गाडी कोठीच्या गर्दीत शिरली आणि मी रिक्षा शोधायला लागले.

पारितोषिक सुरू झालं की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.